दोन कोंबड्या, एक डालगं आणि माझा लाल दोरा

माझा स्वभावच संशयी. कुणी वाटीभर कालवण आणून दिलं तरी मी आधी विचार करायची, हिला आपल्याकडून काय हवं असेल?

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी थोरल्या जावेची आणि आमची चूल वेगळी झाली. घरं दोन, अंगण मात्र एकच राहिलं. त्याच साली मला दिवस गेले. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, माहेरी बापाशिवाय कोणी नाही. म्हणजे बाळंतपण सासरीच. आणि ते करणार कोण, तर जाऊच. चार लेकरांची आई, हाताला गुण असलेली. तिच्यावाचून माझं निभायचं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि नेमका तिच्यावरच माझा विश्वास नव्हता.

माझी ठिपक्यांची कोंबडी आणि तिची काळी, दोघी एकाच आठवड्यात खुडूक झाल्या. आम्ही दोन टोपल्यांत भुसा घालून त्यांना शेजारी शेजारी अंड्यांवर बसवलं. माझ्या अंड्यांवर मी कोळशाने रेघ ओढली. अंडं फुटलं की रेघही टरफलाबरोबर उकिरड्यावर जाते, हे काही मला तेव्हा सुचलं नाही.

पिल्लं एकाच दिवशी निघाली आणि दोन दिवसांत सगळा घोळ झाला. दोघी कोंबड्या संगतीनेच हिंडू लागल्या. एक उकरायची, दुसरी मान वर करून आभाळाकडे बघत उभी. दिवस मावळला की दोघी एकाच डालग्याखाली शिरायच्या आणि पिल्लं सापडेल त्या पंखाखाली. आपलं कोणतं, परकं कोणतं, त्यांनी कधी पाहिलं नाही. पाहायचं काम जणू माझ्याकडेच होतं.

एकदा मी शेतातून आले तर जाऊ म्हणाली, "घार लई गयी वं एक पिल्लू. तुन्हं व्हतं."

आठवड्याने मुंगसाने एक नेलं. तेही माझंच! आमच्या वाटण्या घारीला आणि मुंगसाला कुणी सांगितल्या? जाऊ तळोद्याला बाजाराला गेली तेव्हा मी पिल्लं धरली. जी माझी वाटली त्यांच्या पायात लाल दोरा बांधला. सुटू नये म्हणून चांगला आवळून.

पंधरा-वीस दिवसांनी सकाळी मी पाणी घेऊन येते तो जाऊ ओट्यावर बसलेली, मांडीत माझं पिल्लू, हातात कात्री. शेजारी दोन तुटके लाल दोरे पडलेले. माझं डोकंच फिरलं. पाणवठ्यावरच्या बाया मागून येत होत्या, त्यांच्यादेखत मी ओरडले, "मन्ह्या खुना काढी ऱ्हायनात का तुम्ही? चोरी करतस?"

तिने मान वर केली नाही. पिल्लाचा पाय माझ्यापुढे धरला. पाय वाढला होता, दोरा वाढला नव्हता. तो मांसात रुतून खालचा पंजा काळा पडला होता.

"पाय सडी ऱ्हायना तेन्हा," ती म्हणाली. "आनि ह्यामाना तीन तं मन्हाच शेतस."

मी दोरा बांधलेल्यांतली तीन तिचीच निघाली. रोज सकाळी कण्या तीच टाकायची. तिला एकेक पिल्लू ओळखू येत होतं. मला ते कधीच आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी माफीचा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. मला नववा लागला होता आणि मनात एकच भीती. ही आली नाही तर?

ऐन दुपारी कळा सुरू झाल्या. बोलवायला कोणी जायच्या आत जाऊ दारात उभी. पाणी तापवलं, सुईणीला हाक मारली, पाठीला गुडघा देऊन मला सावरलं. शब्द मात्र एकही नाही. मुलगी झाली. तिला न्हाऊ घालायला बाहेर नेण्याआधी जावेने ती माझ्या तोंडाशी आणली, फडकं बाजूला केलं, उलटी-पालटी करून दाखवली.

"नीट देखी ले," ती म्हणाली. "मंग म्हनशी, जेठानीनी बदली लिधी."

थोरल्या जावेने पोर बदलली म्हणे! सुईणीला थट्टा वाटली, ती हसली. जाऊ हसली नाही. मला रडू फुटलं, आणि खोटं कशाला सांगू, रडता रडता मी पोरीच्या पाठीवरचा काळसर डाग नीट पाहून ठेवला.