उतरायचं राहिलेलं सोंग

गाडी पाड्यावर आली तेव्हा काशी अंगणवाडीच्या मागे बसून खिचडीचं पातेलं राखेनं घासत होती. सूर्यमाळच्या त्या चढावर गाडी आली की आधी पोरं धावतात, मग कुत्री, आणि माणसं आपापल्या दारातून बघतात. गाडीतून उतरलेली बाई मुंबईची होती. तिनं लांबूनच हात हलवला आणि मोठ्यानं हाक मारली, "रुक्माताई!"

काशीचा घासणारा हात थांबला. या नावानं तिला कुणी हाक मारली त्याला बरीच वर्षं झाली होती. हाक मारणारीकडे न बघता तिनं आधी पाहिलं, ती हाक आणखी कुणी ऐकली. आंब्याखाली पारू उभी होती, धाकटं पोर कडेवर घेऊन. पारूनं ऐकलं होतं. तिनं पोराच्या डोक्यावर पदर ओढला आणि ती घराकडे वळली.

आलेली बाई म्हणजे प्राजक्ता. पाड्यावर टीव्ही मालिकेचं शूटिंग चालायचं त्या दिवसांत ती कपडे सांभाळणारी पोर होती, आता दिग्दर्शकाच्या शेजारी बसते असं तिच्या बोलण्यावरून कळलं. काशीच्या ओसरीवर बसून तिनं कोरा चहा घेतला आणि बातमी सांगितली. मध्येच बंद पडलेली ती मालिका आता एका ओटीटीवाल्यांनी घेतली होती. होळीनंतर जुने सगळे भाग मोबाईलवर येणार आणि पावसाळा सरला की नवे भाग. जाहिरातीवर मोठा चेहरा काशीचाच.

"लोक अजून विचारतात, ताई," प्राजक्ता म्हणाली. "त्या डोळ्यांचं पुढे काय झालं?"

काशीलाही तेच विचारायचं होतं.

मालिका अशी होती. शहरातली एक डॉक्टरीण डोंगरातल्या गावात येते. गावात पोरं आजारी पडत असतात आणि गावाचा संशय रुक्मा नावाच्या बाईवर असतो, की ही भुताळी आहे, हिच्या नजरेनंच हे होतं. रुक्माचं काम करायला आणलेली नटी इथल्या उन्हानं दुसऱ्याच दिवशी आडवी झाली आणि परत गेली. युनिटच्या माणसांना हंड्यानं पाणी आणून देणारी काशी तिथंच उभी होती. दिग्दर्शकानं तिच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, हिला बोलायला लावू नका, नुसती उभी करा.

मग रोज तिच्या तोंडाला राख फासायचे, डोळ्यांखाली काजळ ओढायचे. भाग संपताना पडदाभर तिचे डोळे आणि मागे ढोल. काशीला तेव्हा गंमत वाटायची. तिला सांगितलंच होतं, शेवटी कळतं की झऱ्याचं पाणी एका ठेकेदारानं नासवलं होतं, रुक्माचा काही दोष नव्हता, सगळा गाव तिची माफी मागतो. त्या भागासाठी तिनं लग्नातलं लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं. पण मालिका चालेना. वाहिनीनं ती मध्येच थांबवली, आणि युनिटनं एका दिवसात तंबू गुंडाळले. शेवटचा भाग काशीच्या डोळ्यांवर संपला तो संपलाच.

पाड्याला काय खरं नि काय खोटं हे माहीत नव्हतं, असं नाही. राख फासताना सगळ्यांनी पाहिलं होतं, हसले होते, पोरांनी नकला केल्या होत्या. पण माणसाला दिवसा एक माहीत असतं आणि अंधार पडला की दुसरंच वाटतं. पुढच्या पावसाळ्यात पारूच्या थोरल्या पोराला ताप चढला, आकडी आली. त्या दिवशी त्यानं अंगणवाडीत काशीच्या हातची खिचडी खाल्ली होती. पोराला जव्हारला नेलं, पोर वाचलं, हसतं-खेळतं परत आलं. तरी काशीची नजर नको म्हणून पारूच्या दाराला बिब्बा लागला. झऱ्यावर काशी गेली की बाया हंडे बाजूला घेत, तिला आधी भरू देत. तो मान नव्हता हे तिला कळत होतं.

तेवढं तिनं सोसलं असतं. पण कुणीतरी बोललं, बाईची विद्या लेकीला जाते. हर्षाली तेव्हा सहावीत होती. शाळेत तिच्याशेजारची जागा रिकामी राहू लागली. एकदा ती घरी आली आणि आरशात स्वतःचे डोळे बघत बसली. त्याच आठवड्यात काशीनं तिला जव्हारला आश्रमशाळेत घातली. देवजी, तिचा नवरा, म्हणाला होता, एवढ्याशा पोरीला कशाला लांब? काशीनं तिची पेटी भरली. पोरीचा विरह पत्करला, पण ती नजर तिच्यावर पडू दिली नाही.

हळूहळू सगळं निवलं. मालिका कुठं दिसत नव्हती, म्हणून पाडा विसरला. उरणारी खिचडी पुन्हा संपू लागली. पारूचं दुसरं पोरही अंगणवाडीत आलं. हर्षाली नर्सचं शिक्षण पूर्ण करून याच भागातल्या उपकेंद्रावर रुजू होणार होती, आपल्याच पाड्यावर पोरांना लस द्यायला. इतकी वर्षं काशीनं याच दिवसाची वाट पाहिली होती. आणि आता मोबाईल. टेकडीवरच्या कातळावर रेंज येते, तिथं संध्याकाळी निम्मा पाडा बसलेला असतो.

"नव्या भागात मी सुटते ना?" तिनं शेवटी विचारलंच.

प्राजक्तानं कप खाली ठेवला. लेखक बदलले होते. आता रुक्मा खरंच भुताळी निघणार होती, पण वाईट नाही, शक्तिशाली. लोकांना असलं आवडतं. आणि शेवटी ती आपली विद्या लेकीला देणार.

"लेकीच्या कामासाठी आम्ही हर्षालीचाच विचार करतोय," प्राजक्ता आनंदानं म्हणाली. "डोळे अगदी तुमचे आहेत तिचे."

काशी उठली. नाही म्हणाली. मी नाही आणि माझी पोर तर नाहीच. प्राजक्ताला वाईट वाटलं, ती मनानं वाईट नव्हती. तिनं समजावलं की नव्या भागांत दुसरी कुणी घेता येईल, पण जुने भाग कंपनीचे आहेत, ते यायचे थांबणार नाहीत. गाडी उतारावरून गेली. धुरळा खाली बसला तरी काशी ओसरीवर तशीच उभी होती.

हर्षालीला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली, मग म्हणाली की यासाठी कायदा आहे, कुणी भुताळी म्हणालं तर गुन्हा लागतो.

"कायदा मोखाड्याला असतो, बाय," काशी म्हणाली. "पाड्यावर माणसं असतात."

त्या दिवसापासून तिचं जेवणावरून मन उडालं. तिची भीती एका जागी येऊन थांबायची. लस टोचली की पोराला संध्याकाळी ताप येतोच. सगळ्याच पोरांना येतो. यंदा तो ताप कुणाच्या नावावर लागेल? हर्षालीनं बदली मागावी, लांब डहाणूकडे कुठंतरी जावं, असं ती दोनदा बोलून बसली. दोन्ही वेळा पोरीनं फोन ठेवला.

शेजारची धोंडीबाई हे सगळं बघत होती. पाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई, जिभेनं तिखट. एके दुपारी ती काशीच्या दारात येऊन बसली आणि तंबाखू मळत म्हणाली, "काशे, तुझा सोंग उतरवलाच नाय कुणी."

त्यांच्या पाड्याच्या बोहाड्यात, मुखवटे घालून रात्रभर नाचायच्या उत्सवात, एक रीत आहे. देवाचा मुखवटा ज्याच्या डोक्यावर चढतो तो नाचून झाला की माणूस म्हणून लगेच परत येत नाही. मुखवटा सुपात ठेवतात, त्याच्या तोंडावर पाणी मारतात, आणि तो सगळ्यांसमोर आपलं नाव घेतो, आपल्या माणसांचं नाव घेतो. मग गाव विचारतो, आलास का? तो म्हणतो, आलो. तोवर त्याच्याशी कुणी बोलत नाही, त्याला कुणी प्यायला पाणी देत नाही. देवजीच्या घराकडे नरसिंहाचं सोंग पिढ्यान्‌पिढ्या आहे. काशीनं ते उतरताना दर वर्षी पाहिलं होतं. आपलं सोंग कुणी उतरवलं नाही, हे मात्र तिला कधी सुचलं नव्हतं. मुंबईवाल्यांनी राख फासली, आणि ती पुसायला कुणी थांबलंच नाही.

देवजीनं म्हाताऱ्यांपुढे गोष्ट काढली तेव्हा ते बिथरले. बाईनं सोंग घ्यायची रीत नाही. धोंडीबाईनं त्यांना ऐकवलं की घ्यायचं कोण बोलतंय, ते तर कधीचं घेऊन बसलीय, उतरवायचं बोला. एक जण म्हणाला, आणि उतरलं नाही तर? शेवटी म्हातारे तयार झाले, पण मनाविरुद्ध.

तो प्रश्न काशीनं घरी येऊन उशाला घेतला. इतकी वर्षं जे कानोकानी चालत होतं ते आता ती स्वतः उजेडात नेणार होती, आणि गाव गप्प राहिला तर मग कसलाच आडोसा उरणार नव्हता. हर्षालीला तिनं सांगितलं नाही. देवजीनं सांगितलं.

बोहाड्याची सगळी सोंगं नाचून झाली, उजाडायला लागलं, टेंभे विझत आले तेव्हा काशीला पुढे आणली. हर्षाली गर्दीतून आली, आईसमोर बसली, आणि उतरवण्याआधी सोंग पुन्हा चढवायला तिनंच राख घेतली. काशीनं तिचा हात धरला.

"तू मागं हो."

"आई, तोंड वर कर," हर्षाली म्हणाली. तिनं राख फासली, काजळ ओढलं आणि आईच्या शेजारीच उभी राहिली, सगळ्यांना दोघींचे डोळे दिसतील अशी.

काशीनं मान वर केली तशी पुढची रांग मागे सरली. एक पोर रडायला लागलं. संबळ थांबला होता. हे सगळे चेहरे तिच्या ओळखीचे होते, यांतल्या कितीतरी जणांना तिनं भरवलं होतं, पण त्या क्षणी तिला एकाचंही नाव आठवेना. देवजीनं तोंडावर पाणी मारलं. राख ओघळून छातीवर आली.

"मी काशी," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली. "मी काशी. देवजीची बायको. हर्षालीची आय."

कुणी बोललं नाही. लांब कुठं कोंबडा आरवला. हर्षालीची बोटं तिच्या हातात थंडगार पडली होती, आणि काशीला वाटलं, चुकलं, पोरीला घेऊन बुडाले मी.

"आलीस का?" धोंडीबाईचा चिरका आवाज आला. मग देवजीच्या भावकीतून दोन-चार. मग बायांच्या बाजूनं, विस्कळीत, एकमेकींकडे बघत. सगळे नाही. पारू पोराला छातीशी धरून उभी होती. तिचे ओठ हलले नाहीत.

"आले," काशी म्हणाली, आणि धोंडीबाईनं तिला तांब्या दिला. पाणी अर्धं अंगावरच सांडलं.

थोड्याच दिवसांत जुने भाग आले. कातळावरून तो ढोल वाऱ्याबरोबर खाली यायचा आणि काशीचा हात हातातल्या कामावरच थबकायचा. पोरं तिला येऊन सांगत, मावशी, तू किती तरणी होतीस. काही बाया हसून बोलत. काही झऱ्यावर तिच्याकडे एकदा बघत आणि एकदा हंड्याकडे. पारू मधल्या पोराला अंगणवाडीत पाठवत होती, पण डबा घरून देत होती.

मग लसीचा दिवस आला. हर्षाली निळ्या किनारीची पांढरी साडी नेसून, लसीचा डबा खांद्याला लावून पाड्यावर आली. काशीनं सतरंजी घातली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. बाया आल्या. पारू शेवटी आली, पदराखाली धाकटं पोर घेऊन, आणि न बोलता तिनं पोराची मांडी पुढे केली. हर्षालीनं सुई टोचली, पोर किंचाळलं, आणि हर्षाली प्रत्येकीला सांगत होती तेच पारूला सांगितलं, आज ताप येईल, घाबरायचं नाही, गोळी देतेय. पारूनं गोळी पदराच्या टोकाला बांधली. काशीच्या तोंडाकडे तिनं पाहिलं नाही.

दिवस कलला तसा काशीला घरात थारा मिळेना. ती चुलीपाशी बसे, उठे, दारात जाई. हर्षाली दमून भिंतीशी झोपली होती. तिच्या अंगावर काशीनं गोधडी घातली, आणि का कोण जाणे, तोंडावरूनही ओढली, बाहेरून दिसू नये अशी. देवजीनं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काय नाय.

कातरवेळेला वाटेवर कुणीतरी घाईनं येताना दिसलं. पारू होती. कडेवर पोर, त्याची मान तिच्या खांद्यावर पडलेली. तिच्यामागे आणखी कुणी आहे का, हे काशीनं आधी पाहिलं. कुणी नव्हतं. तरी तिचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. आत पोर झोपली होती.

पारू अंगणात येऊन थांबली. तिला धाप लागली होती.

"ताप आलाय," ती म्हणाली.

काशी दार अडवून उभी राहिली.

पारूनं पदराची गाठ सोडली आणि हात पुढे केला. तळहातावर ती गोळी होती, घामानं ओली झालेली.

"हर्षालीला उठव गं," ती म्हणाली. "अर्धी द्यायची बोलली का पाव, ते मी विसरले."