भावाची बातमी

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी आमच्या संपादकांइतका सरळ माणूस सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका डोक्याला ताप देणाराही सापडायचा नाही. हे म्हणायचा मला पुरता हक्क आहे. कर्जतच्या बाजारपेठेत औषधांच्या दुकानावर आमच्या साप्ताहिकाची खोली, तिथे त्यांच्या टेबलासमोर माझं टेबल, आणि माझी उमेदीची सगळी वर्षं त्यांच्या चष्म्यावरून येणाऱ्या त्या नजरेखाली गेली. बातम्या मी लिहायच्या, पानं मी लावायची, आणि सरांनी लाल पेन घेऊन बसायचं. अपघाताच्या बातमीत मी 'भीषण' लिहिलं की पहिला घाव त्या 'भीषण'वर. "अगं, घाटात ट्रक उलटला, माणसं गेली, एवढं लिहिलंस ना? मग भीषण आहे हे वाचणाऱ्याला कळतं. तू कशाला सांगतेस?" असं म्हणून ते शांतपणे पुढचा शब्द खोडायला लागायचे. शेवटी माझ्या बातमीत गावाचं नाव, तारीख आणि मी, एवढंच उरायचं. तरी मी टिकले. का टिकले ते देवाला ठाऊक!

बातमीचं एक वेळ समजू शकतं. पण हा माणूस जाहिरातीही खोडायचा हो! आमच्याकडे छोटी साप्ताहिकं जगतात ती वाढदिवसांवर. पुढाऱ्याचा गॉगल लावलेला मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांची माळ, आणि नावाआधी 'भावी नगरसेवक'. सर 'भावी नगरसेवक'वर काट मारायचे. एकदा असाच एक कार्यकर्ता जिना दणाणत वर आला. "सर, आमच्या दादांचं भावी कुठं गेलं?" सर म्हणाले, "निवडणूक झाली का?" "नाही, व्हायचीय." "मग झाली की या, नगरसेवक म्हणून छापू." तो म्हणाला, "अहो, जाहिरात आहे ही, आमचीच!" सर म्हणाले, "जाहिरात तुमची, पान आमचं." 'जनतेच्या मनातील नेतृत्व' हेही त्यांना चालायचं नाही, कारण जनतेच्या मनात काय आहे ते आपण विचारलेलं नाही. तो कार्यकर्ता जाहिरात घेऊन गेला तो गेलाच, आणि त्या आठवड्यात आमच्या शेवटच्या पानावर भातावरच्या करप्यावर काय फवारावं याची माहिती आली. फार उपयोगी होती, असं शेतकऱ्यांनी नंतर सांगितलं. पण माझा जीव तीळतीळ तुटत होता.

निधनवार्तेत तर त्यांनी कहरच केला होता. आपल्याकडे माणूस गेला की तो मनमिळाऊ असतोच. त्याची शहानिशा कुणी करत नाही. सर करायचे. घरच्यांचं नाही, बाहेरच्या दोन माणसांचं म्हणणं घ्यायचं, असा त्यांचा नियम. एका गृहस्थांच्या बाबतीत शेजारी म्हणाला, "मनमिळाऊ? माझ्या पपईवर गरम पाणी ओतायचा तो!" दुसऱ्याने नुसतेच हात जोडले. सरांनी मग आणखी चार जणांना विचारलं, आणि सगळ्यांचं एकमत झालं तेवढंच छापलं: 'ते रोज सकाळी स्टेशनपर्यंत फिरायला जात असत.' घरचे भडकले, यात काय आश्चर्य! सर दहाव्याला गेले, कोपऱ्यात उभे राहिले, सगळ्यांचे टोमणे ऐकून घेतले आणि आले. जाऊ नका म्हणून मी सांगितलं होतं. "माणूस गेलाय. जायला नको?" एवढंच म्हणाले.

खालापूरकडे एका रिसॉर्टचं उद्‌घाटन होतं. सगळ्या पत्रकारांना जेवण आणि जाताना एकेक प्रेशर कुकर. सर बाहेर जांभळाच्या झाडाखाली घरची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खात बसले, आणि मलाही बसवलं. आतून पनीरचा वास येत होता. कुकर घेणार नाही म्हटल्यावर तिथल्या माणसाने तो परस्पर आमच्या रिक्षात ठेवून दिला. घरी पोचल्यावर ते लक्षात आलं, तर दुसऱ्या दिवशी सर तो कुकर मांडीवर घेऊन एसटीने परत खालापूरला! कंडक्टरने विचारलंसुद्धा, "काय सर, शिट्ट्या होत नाहीत का?" वहिनी, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावायच्या. त्या म्हणायच्या, "भाजी कशी झालीय विचारलं तर हे माझ्याकडे असे बघतात, जणू दुसऱ्या कुणाला विचारून मग सांगणार आहेत." आमच्या साप्ताहिकाचे मालक जुने वकील. नातवाच्या मुंजीचा फोटो पहिल्या पानावर घ्या म्हणाले, तर सरांनी तो चौथ्या पानावर घेतला आणि वर बारीक अक्षरात 'जाहिरात' असं छापलं. मालक चिडले, मग हसले आणि म्हणाले, "माझ्या पेपरात माझंच चालत नाही, म्हणजे पेपर चांगला चाललाय म्हणायचं."

असं सगळं हसण्यावारी जात होतं. पुढचं मात्र हसून सांगता येत नाही.

सरांचा धाकटा भाऊ कडावला असतो. दोघांचं वडिलांचं घर तेच, पण सर शिकून कर्जतला आले आणि धाकट्याने शेत आणि म्हशी सांभाळल्या. पुढे त्याने छोटी डेअरी काढली. शेलूला नव्या इमारती उठल्या, मुंबईला नोकरीला जाणारी माणसं राहायला आली, आणि हा पहाटे टेंपोने दूध घेऊन त्यांच्या दारात. पाणी न घातलेलं दूध म्हणून त्याचं नाव होतं. सरांना भावाचा किती अभिमान! पण त्याच्याबद्दल कधी एक ओळ छापली नाही. डेअरीच्या उद्‌घाटनाची बातमीसुद्धा आमच्याकडे आली नाही, बाकी सगळ्यांकडे आली.

एकदा खालापूरजवळ भेसळीच्या दुधाचा टेंपो पकडला. फोटो सगळीकडे फिरला. टेंपोतल्या कॅनवर तांबड्या रंगात कडावच्या डेअरीचं नाव होतं, आणि ड्रायव्हरही तेच नाव सांगत होता. मी फोटो सरांच्या पुढे धरला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अक्षर माझं आहे." धाकट्याचं अक्षर वेडंवाकडं, म्हणून डेअरी सुरू झाली तेव्हा ब्रश घेऊन ती नावं सरांनीच रंगवली होती. मी म्हटलं, "सर, बातमी आत्ता नको. आधी त्यांना विचारू या." आमच्याकडे हा नियमच होता. ज्याचं नाव येणार त्याचं म्हणणं घेतल्याशिवाय बातमी सुटायची नाही. हातभट्टीवाल्यालाही फोन करून "तुमचं यावर काय म्हणणं आहे?" असं विचारणारा हा माणूस. पण त्या दिवशी ते म्हणाले, "मी फोन केला तर भावाला सावध केल्यासारखं होईल. तू केलास तर मीच करायला लावल्यासारखं होईल. नाव छापायचं. माझ्या भावाचं गाळलं तर उद्या दुसऱ्या कुणाचं छापायला मला तोंड राहणार नाही." मी वाद घातला. त्यांनी ऐकलं नाही. बातमी पहिल्या पानावर गेली, नावासकट. बातमीत सगळं होतं. फक्त भावाचं म्हणणं तेवढं नव्हतं.

आणि ते कॅन त्याने कधीच भंगारात विकले होते हो! नवे स्टीलचे घेतले आणि जुने भंगारवाल्याला दिले. तिथून ते कुणाच्या हाती पडले, कुणास ठाऊक. एका फोनवर कळलं असतं. पण कुणी फोन केलाच नाही, आणि शेलूच्या सगळ्या इमारतींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमचं पहिलं पान फिरलं. 'आता तर सख्ख्या भावानेच छापलंय' असं त्याखाली लोकांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे वॉचमननी त्याचा टेंपो गेटावरूनच परत पाठवला. तेवढं दूध रोज कुठे ओतायचं? पकडलेल्या टेंपोच्या ड्रायव्हरने खरं काय ते कबूल करेपर्यंत धाकट्याने म्हशी विकायला काढल्या होत्या. त्या घाईने, मिळेल त्या भावाने गेल्या.

सरांनी चूक कबूल केली ती पहिल्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. मालक म्हणाले, नातं कशाला लिहिता, तेवढं गाळा. सरांनी लिहिलंच: 'संबंधितांचे म्हणणे आम्ही घेतले नाही. ते संपादकांचे धाकटे बंधू आहेत. दोष सर्वस्वी संपादकांचा आहे.' त्या मजकुरावर लाल पेन चाललं नाही. मी टाइप करत होते आणि मला अक्षरं दिसत नव्हती.

तो अंक घेऊन त्यांना कडावला जायचं होतं. मी माझ्या स्कूटीवर नेलं. धाकटा भाऊ रिकाम्या गोठ्यात दावणीपाशी बसला होता. गोठा झाडून लख्ख केलेला. उगाच, कुणासाठी ते कळेना. सरांनी अंक पुढे केला. त्याने हात लावला नाही.

"ते ठेव तुज्यापाशी," तो म्हणाला. "पेपरात काय लिवलंस ते सांगू नको. एवढंच सांग दादा, फोन का नाय केलास?"

सर उभेच होते. नियम, निष्पक्षपणा, माझ्याशी वाद घालताना सांगितलेली सगळी कारणं मला त्यांच्या तोंडावर दिसत होती, आणि त्यांनी त्यातलं एकही सांगितलं नाही. म्हणाले, "तुझा आवाज ऐकला असता, तर माझ्याच्याने छापवलं नसतं."

धाकटा त्यांच्याकडे बघत राहिला. "म्हंजी तुला ठाव व्हतं रं," तो म्हणाला. "मी असं करनार नाय, ह्ये तुला आधीपासून ठाव व्हतं."

सरांनी पुढे केलेला अंक मागे घेतला. परतीच्या वाटेवर ते माझ्या मागे बसले होते, अंक तसाच हातात. मला इतका राग आला होता त्यांचा! आणि इतकी माया वाटत होती की गाडी कडेला लावून रडावंसं वाटत होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी संपादकपद सोडलं. मालकांनी हातापाया पडून सांगितलं, मी भांडले, वहिनींनी अबोला धरला. "ज्याने स्वतःच्या भावाचं ऐकून घेतलं नाही, त्याने लोकांचं काय ऐकायचं?" एवढंच त्यांचं म्हणणं. खुर्ची माझ्याकडे आली. मी अजून त्यांच्या टेबलावर बसत नाही, माझ्याच टेबलावरून काम करते. ते हल्ली घरी असतात. अंक पोचला की वाचतात, पण मला कधी काही सांगत नाहीत. लाल खुणा केलेला एखादा अंक तरी यावा, म्हणून मी कधी कधी बातमीत मुद्दाम 'भीषण' लिहिते. येत नाही.

मागच्या महिन्यात दुपारची जिन्यावर पावलं वाजली. पाहते तर कडावचा धाकटा भाऊ. धाप लागलेली. एका ठाकूरवाडीकडे जाणारा ओढ्यावरचा साकव मोडलाय, पोरं शाळेत कशी जाणार, तर पेपरात द्या, असं सांगायला आला होता. मी सगळं लिहून घेतलं. तो रिकाम्या टेबलाकडे बघत होता.

"दादा नाय आला आज?"

"सरांनी सोडलं काका. तेव्हाच. तुम्हाला माहीत नाही?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून त्याने ना पेपर वाचला होता ना कुणाला दादाचं नाव काढू दिलं होतं. तो बाकावर टेकला. "मी काय सोड बोललो व्हतो त्याला?" तो माझ्यावरच खेकसला. मग एकदम आवाज उतरला. "आनि त्याला दुसरं काय येतं गं? तो करतो काय दिवसभर?"

मी माझ्या फोनवर सरांचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. तिकडे घंटा वाजली, सरांनी फोन उचलला. "बोल गं," त्यांचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. "बोल ना. काय झालं?" धाकट्याने फोन कानाशी घट्ट धरला होता. तिकडून पुन्हा "हॅलो, हॅलो" झालं. त्याने फोन तसाच माझ्या हातात ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आवाज बारीक झालाय त्याचा." मी थांबा म्हणेपर्यंत तो जिना उतरलाही होता.

फोन अजून चालूच होता. मी सरांना सांगितलं, की आत्ता फोन धरला होता तो मी नव्हते. तो कोण होता तेही सांगितलं. मग ते म्हणाले, "एवढ्या उन्हाचा आला. जेवून आला होता का गं? विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं.