टिटवीच्या फोटोत नसलेली पळसाची फांदी

वाळूवरच्या पक्ष्याचा फोटो काढायचा असंल तर पहिले पोटावर झोपा. उभं राहून काढला का पक्षी वाळूत चिकटवल्यासारखा दिसते. झोपून काढला का मागची नदी पार धूसर होते आणि पक्षी असा उठून येते का बस! मले हे समजाले दोन उन्हाळे लागले, तुम्हाले एका ओळीत सांगून राह्यली.

अजून एक. वाळू चमकते, कॅमेऱ्याले वाटते लय उजेड आहे, मंग तो सगळंच काळपट करून टाकते. म्हून एक्स्पोजर थोडं वर न्यायचं, अर्धा-पाऊण स्टॉप. लेन्स वाळूत बदलायची नाई, म्हणजे नाईच. आणि सकाळी नऊच्या आत आटपायचं. त्याच्यानंतर वाळूवरून उन्हाच्या लहरी उठतात, फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येते, आणि आपण घरी बसून लेन्सले शिव्या देतो.

हे सगळं मी त्या दिवशी बरोबर केलं होतं. चुकली ती दुसरीकडंच.

मी राजुऱ्याची. सुट्टी मिळाली का एसटीनं चामोर्शीले आतेकडं जाते, आणि सकाळी आतेची स्कूटी घेऊन मार्कंड्याच्या बाजूले वैनगंगेवर. उन्हाळ्यात नदी आटली का पात्रात वाळूच वाळू, आणि त्या वाळूत मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डांगरवाड्या. टरबूज, डांगर, काकडी. वाळूत झिरा खोदायचा, पाझरून आलेलं पाणी गुंडात, म्हणजे घागरीत, भरायचं, एक गुंड डोक्यावर, एक कंबरेवर, आणि एकेका वेलाले घालत जायचं. रोज. उन्हाच्या आधी, अंधुकशा उजेडात, कारण ऊन चढल्यावर पाणी घातलं का वेल होरपळतात.

तिथंच मले ती बाई भेटली. चाळिशीची असंल. पह्यल्या दिवशी मी वाळूत पालथी पडलेली पाहून ती जोरात नवऱ्याले म्हणे, "अवो, इकडं या, पोरीले चक्कर आली वाटते!"

मी मान वर करून म्हटलं, "नाई बाई, फोटो काढून राह्यली. टिटवीचा."

"टिटवीचा?" तिचा नवरा, म्हणजे आपले भाऊ, जाळं खांद्यावर टाकून आले. "टरबुजाचा काढ ना. टरबूज पळत तरी नाई."

"अन् टिटवीचे पैसे बी कोणी देत नाई," बाई म्हणे. "घरी कोणी बोलत नाई का तुले?"

पण दुसऱ्याच रविवारी तिनं मले हाक मारली. "ये कॅमेरावाली! इकडं ये, चूप ये." आणि वेलाच्या दोन ओळींच्या मधात वाळूत खोचलेली पळसाची एक फांदी दाखवली. फांदीच्या बुडाशी वाळूत इवलासा खड्डा, त्यात चार अंडे. वाळूच्याच रंगाचे, वर तपकिरी ठिपके. बोट दाखवल्यावरबी मले पाच-दहा सेकंद दिसले नाईत, खरंच सांगते.

फांदी कशाले, ते तिनं सांगितलं. डोक्यावर गुंड, कंबरेवर गुंड, म्हणजे पायाखालचं दिसतच नाई. अंधुकात तर नाईच नाई. म्हून वाडीत कुठी टिटवीनं अंडे घातले का जो पह्यले पाहीन त्यानं पळसाची फांदी खोचायची. मंग सगळे तिथून वळसा घेतात. फांदी दिसली का पाय आपोआप वळते, पाहावं लागत नाई. तिची सासू तिच्याबी आधीपासून करत आली. आणि चार अंडे म्हणजे चार महिने पाऊस, हेबी सासूचंच.

"तीन असते तर?" मी विचारलं.

"तर तुह्या भाऊले चौथं घालाले लावलं असतं," बाई म्हणे. भाऊ दुरून ओरडले, "आयकू येऊन राह्यलं मले!"

ही साधी टिटवी नव्हती बरं. नदीवरची. डोकं, तोंड, गळा सगळं काळं, मागं तुरा, पोट पांढरं. माह्यासाठी नवीन पक्षी होता, मी अक्षरशः नाचली. हिची अडचण अशी का काळ्या तोंडात काळाच डोळा, फोटोत डोळाच दिसत नाई. त्याच्यासाठी सूर्य आपल्या पाठीमागं पाहिजे आणि पक्ष्यानं तोंड उजेडाकडं वळवेपर्यंत थांबायचं. डोळ्यात एक पांढरा ठिपका चमकला का दाबायचं. तोपर्यंत नाई.

पुढच्या रविवारी मी अंगावर आतेकडलं धानाचं पोतं घेऊन, घरट्यापासून बऱ्याच अंतरावर झोपली. चारशेची लेन्स. टिटवी उठायची, नदीवर जायची, पोट बुडवायची आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यावर बसायची. अंडे थंड ठेवाले. म्हणजे मले आयुष्यातला फोटो समोर दिसत होता: पांढऱ्या पोटातून गळणारं पाणी आणि खाली चार अंडे. शटर दोन हजारावर ठेवलं, थेंब गोठले पाहिजेत ना.

पण मधात फांदी. एक पान बरोबर पक्ष्याच्या छातीवर. डावीकडं सरकली, दांडी तोंडावर. उजवीकडं सरकली, पाठीशी सूर्य राह्यत नाई.

टिटवी पाण्यावर गेली तशी मी उठली, गेली, फांदी उपटली, बाजूले वाळूवर आडवी टाकली. म्हटलं पाच मिनिटाचं काम आहे, जाताना खोचून देऊ.

आणि फोटो आला. लागोपाठ तीन फेऱ्या, तिसऱ्यात सगळं जमलं. डोळ्यात ठिपका, पोटाखाली थेंबांची ओळ, मागं नदी आरशासारखी. मी तिथंच स्क्रीनवर झूम करून पाहून राह्यली, तितक्यात आतेचा फोन. तिले चामोर्शीच्या बाजारात जायचं होतं, स्कूटी पाहिजे होती. मी पोतं गुंडाळलं, बाईले दुरूनच हात केला आणि निघाली. रस्ताभर फोटोच डोक्यात. दुपारी आतेच्या घरी बसून तो पक्ष्यांच्या फोटोवाल्या ग्रुपवर टाकलाबी. "काय क्लीन फ्रेम आहे!" असं एकानं लिहिलं. मी ते दिवसभर परत परत वाचलं.

फांदी मले आठवलीच नाई. रात्री नाई, सोमवारी नाई. हे मले सगळ्यात जास्त लागते. आठवून आळस केला असता तर निदान आळशी म्हटलं असतं स्वतःले.

पुढच्या रविवारी गेली, फोटो दाखवाले. बाई झिऱ्यावर बसली होती, उजाडून गेलं होतं तरी गुंड रिकामेच.

"अंडे फुटले वं," ती म्हणे. "माह्याच पायाखाली आले. तू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. खस्सकन आवाज आला तवा समजलं."

मी पुढं केलेला मोबाइल मागं घेतला.

"फांदी बाजूले पडली होती. वाऱ्यानं पडली असंल." ती माह्याकडं पाहून राह्यली. "होता का वारा त्या दिवशी? तू होती ना."

आणि मी म्हटलं, "हो बाई. होता वारा."

इतकंच. तीन-चार शब्द. माह्या मोबाइलमध्ये, हातातच, आरशासारख्या नदीचा फोटो होता आणि मी म्हटलं वारा होता. फोटो मी दाखवला नाई. "कधीतरी त्या अंड्याईचा फोटो तरी दे," असं तिनंच म्हटलं, मी मान हलवली आणि पळाली.

महिनाभर गेली नाई. आतेले सांगितलं कॅमेरा बिघडला. घरी त्या फोटोवर रोज कोणाचं ना कोणाचं काहीतरी येतच होतं, आणि दरवेळी मोबाइल वाजला का मी तो पालथा ठेवे. डिलीट करावा वाटे, आणि डिलीट केला तर पुरावा मिटवल्यासारखं वाटे. शेवटी चंद्रपुरात त्याची प्रिंट काढली. मोठी. मनात असं होतं का फोटो देऊ, तिले बरं वाटंल, आणि त्याच्यावर माहं भागून जाईन. सांगायचं ठरवलं नव्हतं. खरं लिहायचं तर हेबी लिहावं लागंल.

वाडीत पोचली तर पह्यले त्या ओळीच दिसल्या. ज्या दोन ओळींच्या मधात घरटं होतं, त्या दोन्ही वाळून कडकडीत. बाकी वाडी हिरवी.

"तिकडं जातच नाई ती," भाऊ हळू आवाजात म्हणे. एकबी गंमत केली नाई त्याईनं. "पायच उचलत नाई म्हणते. मी घालतो म्हटलं तर मलेबी जाऊ देत नाई. अन् घरी आमची बुढी तिले रोज बोलते."

बाईनं हात लुगड्याले पुसले आणि फोटो घेतला. बराच वेळ पाह्यला. "अगं बाई, पाणी कसं टपटप पडून राह्यलं," म्हणे. मंग अंड्यावर बोट ठेवून मोजले. चार. मंग ते बोट थोडं बाजूले गेलं, आणि थांबलं.

"फांदी कुठी हाय यात?"

मी वाळूकडं पाहून राह्यली.

"पोरी, फांदी कुठी हाय?"

"मी काढली बाई. फोटोत येत होती. परत लावाची राह्यली."

"अन् वारा?"

"नव्हता."

ती रागावली असती तर सोपं झालं असतं. तिनं फोटो परत माह्या हातात दिला. "हा मी घरी कसा नेऊ? सासू महिनाभर म्हणून राह्यली, हिनं फांदी लावलीच नसंल, उगा वाऱ्याचं नाव सांगते. हा फोटो पाहीन तर म्हणंल, पाहा, नाईच लावली."

माह्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मले वाटत होतं दुःख अंड्यांचं आहे. ती महिनाभर घरात खोटी ठरून राह्यली होती, आणि तिच्या बाजूनं एकच साक्षीदार होती. मी.

"मी सांगते सासूबाईले," म्हटलं. "आताच. चला."

गावाकडं ती पुढं चालत गेली, मी मागं स्कूटी ढकलत, भाऊ माह्या मागं. सासू ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, फांदी, फोटो, आतेचा फोन, वाऱ्याचं खोटं. लय जोरात बोलली बहुतेक, कारण शेजारची बाईबी दारात आली.

बुढीनं फोटो उलटा-सुलटा पाह्यला. "इतक्या जवळून दिसते तुह्या कॅमेऱ्यातून?"

"हो आजी."

"अन् फांदी नाई दिसली तुले?"

"दिसली."

"हं," ती म्हणे. परत चिंच फोडाले लागली. मंग सुनेकडं न पाहताच म्हणे, "उद्या त्या दोन ओळीले पाणी घाल. एखादा वेल उठीन तर उठीन."

 बाई आत गेली, भांड्यांचा आवाज आला, आणि चहा आला. मलेबी. कोणी "घे" म्हटलं नाई, पण कप माह्यासमोर ठेवला.

आता ज्यांनी तो फोटो पाह्यला आणि क्लीन फ्रेम म्हटलं, त्याईच्यासाठी हे लिहून राह्यली. घरट्याजवळचं गवत, काडी, फांदी, काहीच हलवू नका. ती कोणी ना कोणी कशासाठी तरी ठेवली असते, नाईतर पक्ष्यानंच ती जागा तिच्यासाठी निवडली असते. मधात आली तर येऊ द्या. मोठ्या अ‍ॅपर्चरवर पान धूसर होते, जमते तसंबी. नाई जमलं तर फोटो सोडा. घरट्याचा फोटो सोडूनच दिला तर अजून चांगलं, हे मी आता म्हणून राह्यली, तेव्हा म्हटलं असतं तर मलेच हसू आलं असतं.

त्या दिवशी चहा पिऊन निघताना भाऊ स्कूटीपर्यंत आले, बाई मागं. भाऊ म्हणे, "टिटवीनं परत अंडे घातले. तीन हायेत."

माह्या तोंडून पटकन निघालं, "कुठी?"

भाऊनं बाईकडं पाह्यलं. बाईनं नदीकडं पाह्यलं, मंग माह्या खांद्यावरच्या बॅगेकडं.

"तुले नाई सांगत," ती म्हणे.

मी दुसऱ्यांदा विचारलं नाई.