मुठीतली किल्ली

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही. स्नेहलला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

२०१७ साली मी डब्लिनमध्ये, ग्रँड कॅनाल डॉकजवळच्या एका जाहिरात कंपनीत होते. नोकरी नवी होती. आमच्याकडे एक अमेरिकन गिऱ्हाईक आलं — पिस्तुलं बनवणारी जुनी, नावाजलेली कंपनी. ज्या देशात साध्या पोलिसाच्या कमरेलाही पिस्तूल नसतं, तिथे बसून आम्ही ती खपवायची कशी, ते ठरवत होतो! घरी मी एवढंच सांगायचे, की क्लायंट अमेरिकेचा आहे. साळसूदपणा माझ्यात पहिल्यापासूनच.

त्या कंपनीची ख्याती मोठ्या, जड पिस्तुलांची. पण लोकांना आता पर्समध्ये मावेल असं छोटं हवं होतं, आणि नव्या कंपन्यांनी तो बाजार केव्हाच काबीज केला होता. यांनीही छोटं काढलं — उशिरा. खपेना. जो तो सांगत होता, आमचं जास्त हलकं, आमचं जास्त पातळ. यांनी वेगळं काय सांगायचं? कुणालाच सुचेना. आणि मला — खरं सांगते — मीटिंगच्या त्या खोलीत सगळ्यांपेक्षा हुशार ठरायचं होतं.

स्नेहल आणि मी तेव्हा डब्लिनच्या ॲडम्सटाउन उपनगरात एका घरात राहायचो. ती नागपूरची. कॉलेजात असताना एक माणूस तिच्या मागे मागे थेट दारापर्यंत आला होता, आणि घाबरून तिच्या हातातली किल्ली निसटली होती. पुढचं मी इथेही लिहिणार नाही — एवढं तरी. तेव्हापासून स्टेशनवर उतरली की ती किल्ली मुठीत धरायची, टोक दोन बोटांमधून बाहेर काढून. घर येईपर्यंत मला फोनवर बोलत ठेवायची. का, ते तिने फक्त मला सांगितलं होतं.

मी ते मीटिंगमध्ये सांगितलं. नाव बदललं — एमिली. बाकी सगळं तिचंच. पिस्तुलाबद्दल बोलूच नका, म्हटलं, भीतीबद्दल बोला. मग टाळ्या.

जाहिरात अमेरिकेत निघाली आणि पिस्तूल खपू लागलं. वर्षभराने स्नेहलच्या टेक्ससमधल्या मोठ्या बहिणीने तीच जाहिरात तिला पाठवली. स्नेहलने स्वयंपाकघरात फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर मूठ, बोटांमधून डोकावणारी किल्ली. संपलं, असं मला वाटलं.

"अगं, बघ ना," ती रडत होती. "मला वाटायचं, मी एकटीच अशी वेडी. ताईने तर घेतलं पण ते पिस्तूल."

तेव्हा सांगता आलं नसतं का? मी "हो ना" म्हणाले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला सुटल्यासारखं वाटलं — आणि, हेही सांगते, थोडा अभिमानही वाटला.

आता माझं लग्न झालंय, घर वेगळं आहे. तरी स्टेशनवर उतरली की ती मलाच फोन करते. मी उचलते. किल्ली हातात घेतलीस ना, असं मीच विचारते.