मटरची सालं

थंडीत आमच्या विजय नगरात एक माणूस लग्नाची घोडी घेऊन घरोघरची मटरची सालं मागत फिरायचा. तेवढाच चाऱ्याचा खर्च वाचायचा. पण पिशवी फाटकापाशी ओतून तो मूठ-मूठ चाळायचा, हुंगायचा. फुकटचं मिळून राहिलं तरी नखरे पाहा, म्हणून मी चिडायची.

एकदा विचारलंच, "भैया, मुफ्त का है, फिर भी इतनी जाँच?"

"मुफ्त का है दीदी, इसीलिए."

उत्तर द्यायला त्याने मान वर केली, तेवढ्यात घोडीने ढिगात तोंड घातलं. त्याने झेप घेऊन तिच्या दातांत हात खुपसला.

हात बाहेर आला. रक्ताळलेल्या बोटांत उघडी सेफ्टी पिन होती. सकाळपासून मी तीच शोधत होते.