पुष्करचे नऊशे मित्र
ऑर्कुटवर पुष्करचे नऊशे मित्र होते. चेन्नईतल्या मराठी मंडळींची कम्युनिटी त्यानेच काढलेली. त्याने नुसतं 'हुश्श' लिहिलं तरी चाळीस जण 'काय झालं रे?' म्हणून धावायचे! आणि वेस्ट मांबलमच्या गुंडोरावांचे मित्र किती? आठ. तेही सगळे घरचेच. गुंडोराव तंजावूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. 'जेवण जाहले काय?' असं लिहायचे. मंडळी खदाखदा हसायची. पुष्करने तर 'आधी मराठी शिका' म्हणून त्यांना कम्युनिटीतून सरळ काढूनच टाकलं. मोठा शहाणा!

पुढच्याच रविवारी सकाळी पुष्करचे वडील, दिनकरराव, अड्यारच्या घरातून फिरायला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. त्यांना अलीकडे आठवत नसे. पत्ता सांगता यायचा नाही, तमिळचं तर नावच नको. पुष्करच्या तोंडचं पाणी पळालं. पोलिसांना कळवून त्याने वडिलांचा फोटो आणि आपला नंबर कम्युनिटीवर टाकला. तासाभरात सत्तर उत्तरं! 'काळजी घे रे', 'देव पाठीशी आहे', 'कुणीतरी शोधायला जा'. कुणीतरी म्हणजे कोण, ते मात्र एकानेही लिहिलं नाही.

मग फोन वाजला.

"गुंडोराव बोलतो. लेक अजून कम्युनिटीत आहे, तिने आत्ताच वाचून दाखविले. मी नि आमचे आठ जण निघालो आहों. बसचे थांबे वाटून घेतले. तुम्ही घर सोडू नका, ते परत आले तर?"

दुपारी एकला दुसरा फोन आला. सापडले! बसमध्ये चढून थेट चेन्नईबाहेर, समुद्रकाठच्या कोवलमला उतरले होते. होड्यांपाशी बसलेल्या त्या म्हाताऱ्याला गुंडोरावांच्या बहिणीने, भवानीबाईंनी, "काका, जेवण जाहले काय?" असं विचारलं मात्र, ते ढसाढसा रडायलाच लागले. सकाळपासून पहिल्यांदा कुणी त्यांना कळेल असं बोललं होतं.

दारात रिक्षा थांबली, मागोमाग स्कूटरीही आल्या. वडिलांना मिठी मारली तेव्हा कुठे पुष्करचा जीव भांड्यात पडला. किती हलकं वाटलं त्याला! मग गुंडोरावांकडे वळून तो कसाबसा म्हणाला, "काका, तुम्हाला काढलं ते मीच..."

"ठाऊक आहे हो," गुंडोराव म्हणाले. "यांनी इडली खाल्ली, पण वाटभर वरणभात मागत आहेत. आधी भात लावा."

डोळे पुसत पुष्कर आत गेला आणि त्याने अकरा माणसांचा भात लावला.