व्यंकटरावानं पिलेला काढा

आमची नणंद केवळाबाई लय डूख धरणारी. नामांतराच्या दंगलीच्या साली येलदरीच्या अंगाला व्यंकटरावानं खतासाठी आमची मेंढरं शेतात बसवली. केवळाबाईला म्हनला, लगीन करतो. पोट दिसायला लागलं तसा मेला पालटला! पोर झाल्यावर चारठाण्याच्या देवळापुढं बेलभंडार उचलून म्हनला, "ही पोर माझी न्हाई." गावानं शपथ खरी मानली अन् हिला छिनाल ठरवलं.

केवळाबाई मला म्हनली, "वैनी, त्याच हातानं बेलभंडार परत उचलाया लावीन. तवर ह्या गावचं पानी पिनार न्हाई."

पोर लग्नाला आली तवा जिंतूरचे वकील माणिकराव म्हनले, कोर्टात दावा टाकू, हैद्राबादला रक्तातला डीएनए तपासतेत. पोराच्या अंगातला तो धागा अर्धा आईचा, अर्धा बापाचा. त्याच्या तुकड्याला जोडीचाच तुकडा चिकटतो, परका न्हाई.

"मंजी सांजच्याला कोकरं सोडल्यावर मेंढी आपलंच पाजती, तसं," केवळाबाई म्हनली. "काई खाऊन-पिऊन बदलतंय का ते?"

"मरेपर्यंत न्हाई. पन त्यानं रक्त दिलं पायजे. जबरदस्ती करता येत न्हाई."

व्यंकटराव कशाला देतोय! मग केवळाबाईनं मला ताडकळसच्या बाजारात धाडलं. त्याच्या सालगड्याच्या बायकूला ऐकू जाईल असं मी बोलले, "कडुनिंबाचा काढा महिनाभर पिला की रक्त धुऊन निघतंय. मग मशीनला बी घावत न्हाई, बाई!"

पिला की मुडदा! तोंड वाकडं करून महिनाभर पिला, मटन सोडलं, अन् मिशीला पीळ देत हैद्राबादला रक्त देऊन आला. आमी दोघी पोट धरून हसलो.

कोर्टात निकाल वाचला. बाप व्यंकटरावच. त्याचं तोंड काळं ठिक्कर पडलं.

आठ दिवसांनी सोताच आमच्या पालावर आला. त्याच्या बायकूची, नर्मदाबाईची, कूस उजवलीच नव्हती. हात जोडून म्हनला, "पोर माझ्या घरी धाड. वंशाला दुसरं कुनी न्हाई."

"आधी देवळापुढं खरं बोल. मग बघू."

आला बापडा आशेनं. त्याच गावासमोर, त्याच हातानं बेलभंडार उचलला अन् रडत म्हनला, "पोर माझी हाय. मी खोटं बोल्लो."

केवळाबाईनं पोरीचा हात धरला. "ऐकलं समद्यांनी? पोर तुझी हाय. पन तुला देनार न्हाई."

मग माझ्याकडं वळून म्हनली, "वैनी, हिरीचं पानी आन. लय तहान लागलीय."